बारीक नळीचा हट्ट

वाचायला बसण्याआधी स्वयंपाकघरातून स्टीलची एक ताटली आणा. नळाखाली धरून ती गार करा आणि कोरडी पुसून घ्या. आता ती नाकाखाली आडवी धरा, तोंड मिटा आणि नेहमीसारखा नाकानं श्वास सोडा. ताटलीवर वाफेचे दोन ठिपके उमटतील. पटकन बघा हं, ते लगेच विरून जातात. दोन्ही ठिपके सारखे आहेत का?

बहुतेकांचे नसतात. एक चांगला पुरीएवढा असतो, तर दुसरा जेमतेम पाणीपुरीतल्या पुरीएवढा!

माझ्या भाचीनं हा प्रयोग केला आणि ती घाबरलीच. "मावशी, माझं नाक एका बाजूनं बिघडलंय. आणि मला सर्दीसुद्धा नाहीये!"

पेपरामागून तिचे आजोबा म्हणाले, "काही बिघडलेलं नाही. डावा ठिपका मोठा आहे ना? मग तुझा चंद्रस्वर चालू आहे. संध्याकाळी बघ परत." एवढं बोलून ते पुन्हा शब्दकोड्यात शिरले.

चंद्रस्वर म्हणजे काय आणि संध्याकाळी काय होणार, ते आपण शेवटी बघू. त्याआधी नळ्यांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. तुमच्या-माझ्या अंगात नळ्याच नळ्या आहेत. काही हवेच्या, काही रक्ताच्या. काही अंगठ्याएवढ्या जाड, तर काही केसाहूनही बारीक. आणि प्रत्येक नळी आतून जाणाऱ्याला थोडी तरी अडवतेच. पुस्तकात या अडवण्याला ‘रोध’ म्हणतात. मी त्याला म्हणते नळीचा हट्ट.

ताकाचा पेला आणि दोन स्ट्रॉ

त्याच दुपारी आम्ही ताक केलं. घरात दोन स्ट्रॉ होत्या. एक शहाळ्याबरोबर मिळालेली, चांगली रुंद. दुसरी ज्यूसच्या खोक्याला चिकटवलेली असते तसली, अगदी बारीक. रुंद स्ट्रॉनं भाचीनं अर्धा पेला बघता बघता संपवला. मग बारीक स्ट्रॉ लावली. गाल आत गेले, डोळे मोठे झाले, कपाळावर आठ्या पडल्या, आणि ताक मात्र मुंगीच्या पावलांनी वर चढत होतं.

"ही स्ट्रॉ हट्टी आहे!" ती म्हणाली. अगदी बरोबर. हा हट्ट तीन गोष्टींवर ठरतो.

पहिली गोष्ट, आतून काय वाहतंय. पाणी सहज जातं, ताकाला जास्त ओढावं लागतं आणि मधाला तर विचारूच नका. या दाटपणाला शास्त्रात ‘श्यानता’ म्हणतात. आपलं रक्त पाण्याच्या तिप्पट-चौपट दाट असतं.

दुसरी गोष्ट, नळीची लांबी. नळी दुप्पट लांब केली की हट्टही दुप्पट होतो. सरळसाधा हिशोब.

तिसरी गोष्ट, नळीची रुंदी. इथे मात्र हिशोब सरळ राहत नाही.

मी भाचीला विचारलं, "समज, एक नळी दुसरीच्या दुप्पट रुंद आहे. दोन्हींना सारखाच जोर लावला, तर रुंद नळीतून किती जास्त पाणी जाईल?"

"दुप्पट."

"छे."

"मग चौपट! तोंड चौपट मोठं होतं ना, वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकलोय आम्ही."

"तरी नाही. सोळापट!"

तिचा विश्वास बसेना. मग आम्ही पत्त्यांचा कॅट काढला. तुम्हीही काढा. कॅट टेबलावर ठेवा, त्यावर तळहात टेकवा आणि हलकेच पुढे सरकवा. सगळ्यात खालचा पत्ता टेबलाला धरून बसतो. त्याच्या वरचा थोडासा सरकतो, त्याच्या वरचा आणखी थोडा, आणि सगळ्यात वरचा पार पुढे जातो. नळीतलं पाणीही असंच थराथरानं सरकतं. नळीच्या भिंतीला टेकलेला थर जागचा हलतच नाही. तो शेजारच्याला धरून ठेवतो, शेजारचा त्याच्या पुढच्याला. भिंतीपासून जितकं लांब, तितकं मोकळं. म्हणून सगळ्यात वेगात पळतं ते मधोमधचं पाणी.

नळी दुप्पट रुंद केली की मधलं पाणी भिंतीच्या तावडीतून आणखी लांब जातं आणि त्याचा वेग चौपट होतो. शिवाय नळीचं तोंडही चौपट मोठं झालेलं असतं. आता चार गुणिले चार करा. सोळा!

एक सांगून ठेवते. घरी स्ट्रॉ आणि घड्याळ घेऊन बसलात, तर उत्तर नेमकं सोळा येणार नाही. आमचंही आलं नाही. हा नियम थर शिस्तीत सरकत असतील तेव्हाच लागू पडतो. रुंद नळीत पाणी जोरात धावलं की त्यात भोवरे होतात आणि शिस्त मोडते.

घोडी, बेडूक आणि एक चिकाटीचा डॉक्टर

हे सोळाचं गणित कुणी शोधलं? गोष्ट थोडी आधीपासून सांगते.

इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. त्यांना प्रश्न पडला, रक्त अंगात किती जोरानं वाहतं? त्यांनी एका घोडीच्या धमनीला उंच काचेची नळी जोडली. रक्त नळीत चढत चढत जवळजवळ अडीच मीटरवर जाऊन थांबलं! म्हणजे घराच्या दारापेक्षाही उंच. १७३३ साली त्यांनी हे पुस्तकात लिहिलं. प्राण्यांना वेदना देणारा असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, पण रक्ताचा दाब मोजला गेला तो तेव्हा पहिल्यांदा.

अडीच मीटरची नळी घेऊन वावरायचं म्हणजे पंचाईतच. पॅरिसमध्ये १७९७ साली जन्मलेल्या ज्याँ प्वाझय या डॉक्टरांनी त्यावर तोड काढली. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. त्यांनी वाकवलेल्या नळीत पारा भरला आणि १८२८ साली त्यानं रक्तदाब मोजून दाखवला. आजीचं ‘बीपी’ बघून डॉक्टर "एकशेवीस" म्हणतात ना, ते १२० मिलिमीटर पारा असतं. यंत्रात हल्ली पारा दिसत नाही, पण माप त्याचंच राहिलं आहे.

प्वाझय एवढ्यावर थांबले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या बारीक रक्तवाहिन्या बघताना त्यांना एक गंमत दिसली. लाल पेशी वाहिनीच्या मधोमध धावत होत्या आणि भिंतीलगत नुसत्या स्वच्छ द्रवाची पट्टी होती. पत्त्यांचा कॅट आठवला?

मग त्यांनी काचेच्या नळ्या घेतल्या. त्यातल्या काही आतून केसापेक्षाही बारीक. त्यातून त्यांनी पाणी सोडलं. शोधायचं होतं रक्ताबद्दल, मग पाणी का? कारण रक्त अंगाबाहेर काढलं की गोठतं आणि नळी तुंबते. कधी दाब बदलायचा, कधी लांबी, कधी रुंदी, आणि दर वेळी किती पाणी आलं ते काटेकोर मोजायचं. असं वर्षानुवर्षं. १८४०च्या सुमारास त्यांनी नियम मांडला. नळीची रुंदी चार वेळा गुणायची, वाहणारं पाणी त्या प्रमाणात बदलतं. दुप्पट रुंदी असेल तर २ × २ × २ × २ म्हणजे १६. तिप्पट असेल तर? करा पाहू. ८१!

यातली मौज अशी, की तिकडे जर्मनीत गॉटहिल्फ हागेन नावाचे इंजिनिअर पितळी नळ्यांमधून पाणी सोडून हेच मोजत होते. १८३९ साली त्यांनीही हाच नियम छापला. एकाच्या डोक्यात रक्तवाहिन्या, दुसऱ्याच्या डोक्यात पाण्याचे नळ, दोघांचं उत्तर मात्र एकच. म्हणून या नियमाला आज दोघांचंही नाव जोडतात. दाटपणा मोजायच्या एका एककाला प्वाझय यांच्या नावावरून ‘पॉइज’ म्हणतात. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा दाटपणा भरतो जवळजवळ नेमका त्याचा शंभरावा भाग.

सलाईनच्या बाटलीखाली

मागच्या पावसाळ्यात भाचीला ताप आला आणि एक रात्र दवाखान्यात काढावी लागली. तिला सलाईन लावलं होतं. झोप येत नव्हती, म्हणून आम्ही दोघी बाटलीकडे बघत बसलो.

बाटली उंच दांडीवर टांगलेली. खालच्या छोट्या पारदर्शक कुपीत टप, टप, टप थेंब पडत होते. साधारण २० थेंब झाले की १ मिलिलिटर. नळीवर पांढरी पट्टी होती आणि तिच्यात एक छोटं चाक. सिस्टर आल्या, त्यांनी चाक अंगठ्यानं कणभर खाली सरकवलं आणि धावणारे थेंब एकदम शहाण्यासारखे सावकाश पडायला लागले.

त्या चाकानं काय केलं? नळी फक्त थोडी चेपली. रुंदी जराशी कमी झाली, हट्ट भरपूर वाढला.

भाचीच्या हातावर जी प्लॅस्टिकची बारीक नळी शिरेत बसवली होती, तिचं टोपण निळं होतं. शेजारच्या आजोबांचं गुलाबी. हे रंग शोभेसाठी नसतात, ते नळीची जाडी सांगतात. तान्ह्या बाळांची पिवळी अगदी बारीक, मग निळी, मग गुलाबी, मग हिरवी, मग करडी आणि सगळ्यात रुंद नारिंगी. अपघातात कुणाचं खूप रक्त गेलं असेल तर डॉक्टर शक्यतो आखूड आणि रुंद नळी लावतात. बाटली उंच टांगूनही जोर वाढतो, पण दुप्पट उंचीनं वेग फार तर दुप्पट होणार. नळीच रुंद घेतली, तर सोळाच्या गणिताचा फायदा मिळतो.

"मावशी," भाची अर्धवट झोपेत म्हणाली, "असं चाक आपल्या आत पण असतं का?"

काय प्रश्न विचारला बघा! असतं. एक नाही, असंख्य असतात.

आतले नळ कोण फिरवतं?

हृदयातून निघणारी महाधमनी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिला धमन्यांच्या फांद्या फुटतात, त्या फांद्यांना डहाळ्या, आणि शेवटी येतात केसासारख्या बारीक धमनिका. या धमनिकांच्या भिंतीत स्नायूंची गोल कडी असतात. कडी आवळली की वाटा अरुंद, सैल पडली की रुंद. हीच आपली आतली चाकं.

यांना फार आवळावंही लागत नाही. रुंदी फक्त १६ टक्क्यांनी कमी केली की रक्त निम्म्यावर येतं, आणि १९ टक्क्यांनी वाढवली की दुप्पट होतं. खरं वाटत नसेल तर कॅल्क्युलेटर घ्या आणि १.१९ हा आकडा चार वेळा गुणून बघा. म्हणून तर शरीरातला सगळ्यात मोठा हट्ट याच धमनिकांमध्ये असतो. मोठ्या धमन्यांमधला साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याचा सरासरी दाब धमनिका ओलांडेपर्यंत ३०-३५ वर येतो.

ही चाकं फिरताना तुम्ही पाहिलेली आहेत. डिसेंबरातल्या पहाटे शाळेची बस गाठताना बोटं पांढरीफटक पडतात. कातडीकडे जाणारे नळ शरीरानं आवळलेले असतात, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. गरम पाण्यानं अंघोळ केली की अंग लालबुंद होतं. नळ सैल सुटलेले असतात. घाबरलं की चेहरा उतरतो, लाजलं की लाल होतो. दोन्ही वेळा काम नळांचंच.

खो-खो खेळताना तर कमालच होते. बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. जोरात धावताना तेच २० लिटरच्या आसपास जातं. चौपट! मग रक्तदाबही चौपट व्हायला हवा. पण तो वाढून वाढून साधारण दीडपटीच्या आसपास जातो, कारण पायांच्या स्नायूंकडचे नळ धडाधड उघडतात आणि पोटाकडचे आवळले जातात. ज्याला गरज, त्याला पुरवठा. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी सोडणारा माणूस पेठेपेठेचे व्हॉल्व्ह फिरवत हिंडतो, तसं. टाकी तीच, पंप तोच, वाटणी नळांच्या हट्टावर.

धमनिकांच्या पुढे असतात केशवाहिन्या. त्या इतक्या अरुंद, की ७-८ मायक्रोमीटरच्या तांबड्या पेशीला पुष्कळदा अंग दुमडून, एकेकटीनं आत शिरावं लागतं. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग सगळ्यात जास्त हट्ट त्यांचाच हवा, नाही का? पण तसं होत नाही, कारण त्या अब्जावधी आहेत आणि शेजारीशेजारी आहेत. जत्रेला जाणाऱ्या एसटीची एकच तिकीट खिडकी असली तर रांग हलत नाही. हजार खिडक्या उघडल्या, मग प्रत्येक खिडकी कितीही लहान असो, गर्दी सहज पुढे सरकते. आणि सावकाशही सरकते! पेशी केशवाहिनीत साधारण एक सेकंद रमतात, आणि तेवढ्यात ऑक्सिजन उतरवून घेतला जातो.

बाळाची सर्दी मोठी का?

आता हवेकडे येऊ. तुम्हाला सर्दी झाली तर तुम्ही शाळेला दांडी मारायची का याचा विचार करता. तान्ह्या बाळाला सर्दी झाली तर घरादाराची झोप उडते. का बरं?

समजा, बाळाची श्वासाची वाट ४ मिलिमीटर रुंद आहे आणि मोठ्याची ८. दोघांच्याही वाटेला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली. मोठ्याच्या ८ चे झाले ६. बाळाच्या ४ चे उरले फक्त २. मोठ्याचा हट्ट झाला साधारण तिप्पट. बाळाचा? रुंदी निम्मी झाली, म्हणजे सोळापट! सूज दोघांना सारखीच आली, पण बाळाला एकेका श्वासासाठी केवढा जोर लावावा लागतो बघा.

दम्यात श्वासनळीच्या बारीक फांद्यांभोवतीचे स्नायू आवळतात. तुमच्या वर्गात कुणी खिशातून पंप काढून ओढत असेल, तर त्यातलं औषध ते आवळलेले स्नायू सैल करतं. वाट थोडीशीच रुंदावते, पण त्या थोड्याशानं किती फरक पडतो हे आता तुम्हाला ठाऊक आहे. पंप ओढणाऱ्या मित्राला कधी हसू नका.

पुन्हा ताटली

चला, नाकाशी येऊ. नाकाच्या आत मऊ पडद्याच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. त्यात रक्त भरलं की पडदा फुगतो, हवेची वाट अरुंद होते. म्हणून सर्दीत कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही. तिथे शेंबडापेक्षा फुगलेला पडदाच जास्त आडवा येत असतो!

आणि सर्दी नसतानाही बहुतेकांच्या नाकात पाळीपाळीनं एका बाजूचा पडदा फुगतो आणि दुसऱ्या बाजूचा ओसरतो. काही तासांनी उलट. जर्मनीतल्या रिखार्ड कायझर या डॉक्टरांनी १८९५ साली याबद्दल लिहिलं. आपल्याकडे योगाभ्यास करणाऱ्यांनी तर त्याला कधीच नावं ठेवून दिली होती. डावी नाकपुडी मोकळी तर चंद्रस्वर, उजवी मोकळी तर सूर्यस्वर.

बरं, नाकाला एवढं हट्टी असायची गरज काय? श्वासाच्या सबंध वाटेवर जेवढी अडवणूक होते, तिच्यातली जवळजवळ अर्धी एकट्या नाकात होते. पण त्या अडवणुकीतच हवा गरम होते, ओलसर होते, धूळ गाळली जाते. धावून दम लागला की आपण तोंड उघडतो आणि या हट्टाला वळसा घालतो. घाई संपली की पुन्हा नाक.

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर भाचीला ताटलीची आठवण झाली. नळाखाली गार करून, फ्रॉकला पुसून तिनं ती नाकाखाली धरली आणि श्वास सोडला. दोन ठिपके उमटले. या वेळी पुरी उजवीकडे आणि पाणीपुरी डावीकडे!

"आजोबा, बदललं!" ती ओरडली. "आता सूर्यस्वर!"

आजोबांचं शब्दकोडं अजून चालूच होतं. मान वर न करता ते म्हणाले, "आण ती ताटली इकडे. माझा कुठला चालू आहे, बघू."